सरमिसळीचं खाचर

घड्याळजींनी मागच्या खोलीला चुना लावायला घेतला तो बायकोला खूश करण्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं, आणि नेमकं हेच नंतर कुणाला पटेना.

उमेदीची सारी वर्षं त्यांनी शहरात, एका जिन्याखालच्या दुकानात घालवली होती. दुकान एवढंसं, की बसलं की गुडघे समोरच्या फळीला टेकायचे आणि उठताना मान आधी वाकवावी लागायची. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि पुढ्यात कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ. सुट्टीला गावी यायचे, पाहुण्यासारखे राहायचे, परत जायचे. मग लोकांनी मनगटावर घड्याळं बांधणं हळूहळू सोडलं, तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि कायमचे घरी आले. घरी बायको होती, आणि ओढ्याच्या काठानं पायरी पायरीनं उतरत गेलेली भातशेती होती. ही शेती बायकोची. कागदावर नाव कुणाचं का असेना, शेती बायकोचीच.

गावातल्या बहुतेकांनी केव्हाच एक वाण धरला होता. एका उंचीचा, एका रंगाचा, गिरणीला आवडणारा. बायको मात्र आठ वाण धरून बसली होती. का, म्हणून विचारलं तर उलट विचारायची, "जमीन एकसारखी आहे का?" नव्हतीच. वरची खाचरं लवकर सुकायची, खालच्या खोलगटात कमरेएवढं पाणी तुंबायचं, आणि मधल्या पट्ट्यावर दुपार कलली की टेकडीची सावली यायची. तिनं जागा बघून एकेकीचं स्थळ जमवलं होतं. एकेकीचं म्हणायचं, कारण साळ म्हटली की तिच्या लेखी ती बाईमाणूस. खोलगटात गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहायची ती पाणबुडी. सगळ्यांच्या आधी पिकायची ती घाईवाली, आणि बाकीच्या कापून घरात आल्या तरी शेतात हिरवीगार उभी असायची ती रेंगाळी. दाण्याला बोटभर कुसळं असलेली मिशीवाली. तिच्या वाटेला डुकरं जात नसत. पानांवर रंग सांडल्यासारखी दिसायची ती जांभळी. दिवसभर पोटाला धरून ठेवायची ती तांबडी. आजाऱ्याच्या जिभेवर विरघळायची ती लोणी. आणि मामीनं दिलेली ती मामीची. तिचा भात सोबत काही नसलं तरी ताटात उरत नसे.

घड्याळजींना या आठजणी म्हणजे सासरच्या मंडळींसारख्या. चेहरे पाहिल्यासारखे वाटायचे, पण कोण कुणाची कोण, ते काही डोक्यात राहायचं नाही. "भात तो भात," असं ते म्हणून जायचे. "आणि घड्याळ ते घड्याळ," असं बायको म्हणाली की मात्र त्यांना लागायचं.

पेरणी तोंडावर आली असताना लेकीचा फोन आला. पहिलंच बाळंतपण, दिवस भरायला अवकाश होता, पण डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं आणि अंथरुणातून उठायची मनाई केली होती. बायकोनं पिशवी भरली. बियाण्याची आठ मडकी मागच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडलेली होती. त्यांच्यावर नावबिव काही लिहिलेलं नव्हतं. घरच्या माणसांच्या कपाळावर कुणी नावं लिहितं का, असं तिचं म्हणणं.

"मडक्यांना हात लावू नका," ती उंबऱ्यातून म्हणाली. "वेळ आली की मी फोनवर सांगेन, कुठलं कुठे ते. डावीकडून पहिली कोण?"

"घाईवाली," घड्याळजींनी ठोकून दिलं.

"बरोबर," ती आश्चर्यानं म्हणाली, आणि गेली.

घर रिकामं झालं. रिकाम्या घरात भिंतींकडे लक्ष जातं. मागच्या खोलीच्या भिंतींचे पोपडे सुटलेले, कोपऱ्यात ओल. ती बाळाला घेऊन येईल तेव्हा खोली पांढरीशुभ्र दिसावी, असं घड्याळजींच्या मनानं घेतलं. चुना भिजवला. भिंत मोकळी करायची म्हणून मडकी उतरवली, खोलीच्या मध्यभागी दोन स्टुलांवर फळी टाकली आणि तिच्यावर ती त्याच क्रमानं मांडली. क्रम चुकू नये म्हणून तोंडानं पुटपुटत मांडली. एका स्टुलाचा पाय मागे त्यांनी स्वतःच दुरुस्त केला होता. आयुष्यभर केसाएवढ्या चाकांचा तोल सांभाळलेला माणूस, पण लाकूड म्हटलं की त्याचा हात चालत नसे. पाय निखळला. फळी घसरली. आठही मडकी एकापाठोपाठ एक खाली आली आणि जाता जाता चुन्याच्या बादलीलाही घेऊन गेली.

आवाज ऐकून शेजारून त्यांची बहीण धावत आली. हिला सगळा गाव रेडिओ म्हणायचा, आणि ते तिलाही ठाऊक होतं. खोलीच्या मध्यभागी गुडघाभर उंचीचा भाताचा ढीग, त्यात खापऱ्या, आणि एका बाजूनं चुन्याचं पाणी ढिगाखाली सरकतंय. दादा दोन्ही हातांनी बांध घालून ते पाणी अडवतोय.

"दादा, अरे काय केलंस हे!"

"आधी सुपं आण. मग बोल."

चुन्यात भिजलेलं भात हाताशी लागेल तेवढं त्यांनी धुऊन काढलं. बाकीचं ओसरीवर पसरलं. मग घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि बसले वेगळं करायला. कुसळांचे दाणे आधी सापडले. काही जाडे, काही गोरे, काही काळपट टोकाचे. त्यानंतर मात्र सगळे दाणे भावंडांसारखे दिसायला लागले. संध्याकाळपर्यंत एक वाटी भरली, आणि तिच्यात काय आहे तेही त्यांना खात्रीनं सांगता येईना.

"या वेगानं पेरणी नातवाच्या लग्नात होईल," रेडिओ म्हणाली. "ऐक माझं. सगळं एकत्र पेरून टाक. दाणा गप्प बसतो रे, रोप नाही बसत. उगवलं की वहिनी तोंड बघून ओळखेल."

"आणि लावायचं कुठे? तिची तर आठ ठिकाणं आहेत."

"मधल्या पट्ट्यात. तिथे कुणी बुडणार नाही, कुणी सुकणार नाही."

घड्याळजींनी मान डोलावली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिला एवढ्यात कळवायचं नाही. लेकीच्या काळजीत आहे ती. माझी शपथ आहे तुला."

"माझ्या तोंडाला कुलूप," रेडिओ म्हणाली आणि पदरानं हात पुसत घरी गेली.

पुढचे दिवस घड्याळजींचे फोनवर घामाघूम होण्यात गेले. बायको रोज विचारायची, आणि विचारायची तेही एकेकीला धरून.

"जांभळी कुठे टाकली?"

"वर. वरच्या खाचरात."

"वर? ती सावलीची आहे!"

"सावलीच्याच बाजूला, म्हणजे वरच्या बाजूची सावली असते ना, तिथे."

"बरं. आणि पाणबुडी कशी आहे?"

"मजेत आहे. पाण्यात आहे."

"मिशीवालीला मिशा आल्या का?"

"अगं, आत्ता कुठे चार पानं आलीत! मिशा कुठल्या!" इथे मात्र घड्याळजींना आपण एक तरी गोष्ट बरोबर बोललो याचा आनंद व्हायचा. पलीकडून बराच वेळ काही आवाज यायचा नाही. मग ती "ठेवते" म्हणून घाईघाईनं फोन ठेवायची. हिला माझा संशय आला, असं म्हणत ते ओसरीवर बसून राहायचे.

नात वेळेआधीच आली. एवढीशी, की तिला कितीतरी दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायकोचं परतणं लांबत गेलं. लावणी तिच्यावाचूनच झाली. घड्याळजींनी रेडिओला आणि लावणीच्या बायकांना घेऊन मधला सगळा पट्टा लावून काढला. आपण लावलेलं रोप सरळ उभं राहतं याचंही त्यांना अप्रूप वाटलं. पण महिना उलटला तसं ते खाचर बांधावरून जाणाऱ्यांची करमणूक होऊन बसलं. एक रोप कमरेला, शेजारचं गुडघ्याला. एक पसरलेलं, एक छडीसारखं ताठ. मध्येच जांभळे ठिपके.

"घड्याळजी," गिरणीवाला सायकलवरून ओरडला, "तुमच्या शेतात प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतंय!"

घड्याळजी हसले, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती येईल तेव्हा काय सांगायचं ते त्यांनी आरशासमोर घोकून ठेवलं.

ती आली ती दुपारच्या गाडीनं. नात आता दवाखान्यातून लेकीच्या घरी आली होती, दूध पीत होती, लेकीच्या सासूबाई मदतीला आल्या होत्या. तिनं पिशवी ओसरीवर टेकवली, तांब्याभर पाणी प्यायली आणि थेट शेताकडे चालू लागली. घड्याळजी मागे मागे.

"अगं, थांब जरा. एक सांगायचं होतं. म्हणजे झालं असं, की मी तो चुना..."

"स्टुलाचा पाय निखळला," ती न थांबता म्हणाली.

घड्याळजी बांधावर जागच्या जागी उभे राहिले.

"तुमच्या बहिणीनं त्याच संध्याकाळी सांगितलं."

"पण तिनं तर तोंडाला कुलूप..."

"मीही तेच म्हणाले. तर म्हणते, कुलूप होतंच की वहिनी, पण किल्ली माझ्याचकडे होती ना."

आता घड्याळजींना रोजचे ते फोन आठवले. वरच्या बाजूची सावली आठवली. कान लाल झाले. "आणि तू मला रोज विचारत होतीस, पाणबुडी कशी आहे म्हणून?"

ती बांधावर बसली. त्यांनाही खुणेनं बसवलं. "खरं सांगू? ऐकलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यावर जाऊन रडले. मामी आठवली, तुमची आई आठवली. आत आले तर लेक म्हणाली, काय झालं? तिला उठायची बंदी, नुसती छताकडे बघत पडलेली, दिवसरात्र घाबरलेली. मी सांगून टाकलं. आणि ती हसायला लागली हो. किती दिवसांनी हसली. म्हणाली, बाबा आता काय सांगतील? मग मी फोन तिच्या उशीशी ठेवून विचारायला लागले. मिशीवालीच्या मिशांना तर तिनं तोंडात पदर कोंबला. नर्स धावत आली, पोटावर ताण पडेल म्हणून."

आपल्या थापा लेकीच्या उशीशी पोचत होत्या, हे घड्याळजींच्या मनात हळूहळू उतरत होतं, आणि शरमेच्या जागी दुसरंच काहीतरी दाटून येत होतं. त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"हसून भागलं तेवढं भागलं," ती उठत म्हणाली. "आता कामाला लागा. यांना वेगळं करायचंय. घरात जुने सदरे आहेत ना तुमचे?"

सदऱ्यांच्या चिंध्या झाल्या. निळी पाणबुडीला, पिवळी घाईवालीला, पट्ट्यापट्ट्यांची मिशीवालीला. ती पुढे चालायची, रोपांमधून हात फिरवायची आणि नावं घ्यायची. घड्याळजी मागून चिंधी बांधायचे. "ही तांबडी. बुडखा बघा, लालसर आहे. ही लोणी, पान मऊ लागतं. ही रेंगाळी... नाही, थांबा. मामीची असावी." या दोघींपाशी ती अडायची. एकदा घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, पान दांड्याला जिथे चिकटतं तिथे लावलं आणि म्हणाले, "इकडे ये. इथे पातळ पापुद्रा आहे बघ. त्या रोपाचा टोकाला दुभंगलाय, याचा सबंध आहे." तिनं भिंग डोळ्याला लावलं. एक डोळा मिटता येईना म्हणून त्यांनी हातानं झाकून धरला. "अय्या," ती म्हणाली. तेव्हापासून या दोघींपुरतं ती त्यांना विचारायला लागली, आणि घड्याळजी सकाळी तिच्या आधी शेतात जायला लागले.

मामीची फार थोडी सापडली. तिचंच मडकं चुन्याच्या बाजूला पडलं असावं. जिथे जिथे तिची चिंधी बांधली तिथे बायको क्षणभर उभी राहायची. ज्या दिवशी सगळा पट्टा पालथा घालून झाला आणि तिची रोपं बोटांवर मोजण्याइतकीच भरली, त्या दिवशी ती घरी आली ती थेट ओसरीवर जाऊन बसली. घड्याळजींनी चहा केला आणि तिच्या हातात दिला. "चूक माझी आहे," ते म्हणाले.

"स्टुलाची," ती म्हणाली. पण चहा तिनं निवू दिला.

कापणीला विळा उपयोगाचा नव्हता. घाईवाली पिवळी झाली तेव्हा रेंगाळीची लोंबी अजून पोटातून बाहेरही आली नव्हती. म्हणून कमरेला टोपली बांधायची, हातात छोटी सुरी घ्यायची आणि चिंधी बघून एकेक लोंबी खुडायची. एकीचं उरकलं की दुसरी तयार. असं कितीतरी आठवडे चाललं. खुडता खुडता ती सांगत राहायची. जांभळी तिनं स्वतः ओढ्यापलीकडच्या एका बाईकडून मागून आणली, त्या बदल्यात पाणबुडी दिली. तांबडी घड्याळजींच्या आईची. आई गेली त्या वर्षी ही एकटी शेतात उभी राहून रोपांशीच बोलायची, कारण घरात बोलायला कुणी नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही सुट्टीला यायचात. सुट्टीवर आलेल्या माणसाला काय सांगायचं? खायला घालायचं आणि गाडीत बसवून द्यायचं."

ते ऐकून त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटत असतानाच बरंही वाटलं, कारण आता ती सांगत होती. सगळ्या संसारात बोलले नसतील एवढं ते दोघं त्या खाचरात बोलले. लोंब्यांच्या आडून फक्त आवाज यायचे. बांधावरून जाणाऱ्याला वाटायचं, भातच गप्पा मारतंय.

रेंगाळी खुडायची वेळ आली तेव्हा कोपऱ्यात रोपांचे दोन झुबके, दोन चुडे, उभे दिसले, बिनचिंधीचे. घड्याळजींना वाटलं आपण बांधायला विसरलो. बायको जवळ गेली. लोंबी हातात घेतली. दाणा आखूड, गोलसर, सालीवर तपकिरी रेघा. तिनं एक दाणा सोलला, दातांनी फोडला, पान चोळून वास घेतला. पुन्हा लोंबीकडे बघितलं.

"कोण ही?" घड्याळजींनी विचारलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

भाताच्या बाबतीत हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते घाबरून तिच्याकडे बघायला लागले. पण तिचा चेहरा, दारात अनोळखी पण गोड पाहुणी आली तर होईल तसा झाला होता. मग दोघांनी तर्क लढवले. कुणाच्या तरी बियाण्यात दडून आली असेल. आठांतल्या दोघींचीच संतती असेल. पाखरांनी टाकली असेल. रेडिओला बोलावलं, तिनं आणखी चार शक्यता काढल्या आणि संध्याकाळपर्यंत गावभर पोचवल्या. लोक येऊन बघून गेले. कुणालाच ओळखता आली नाही. गिरणीवाल्यानंही दाणा तळहातावर घेऊन पाहिला, मान हलवली, पण हसला नाही.

त्या दोन चुड्यांतलं भात वेगळ्या वाडग्यात ठेवलं. मामीचीही तशीच वेगळी, मुठीएवढी. दोघींतला एक दाणाही शिजवायचा नाही असं ठरलं. पुढच्या वर्षी मामीचीला तिची जुनी जागा मिळाली, तिथला एक कोपरा. अनोळखीला कुठे लावायचं यावर मात्र घरात वाद झाला. बायको म्हणाली, तुम्ही ठरवा. घड्याळजींनी दोन दिवस सगळी खाचरं हिंडून पालथी घातली आणि शेवटी ओढ्याच्या वळणावरची एक चिंचोळी पट्टी नक्की केली. "इथे का?" तिनं विचारलं. "का ते नाही सांगता येणार," ते म्हणाले. "इथे बरी दिसेल." तिनं लगेच होकार दिला.

त्याच्या पुढच्या वर्षी दोघींचं बी पुरेसं झालं. मामीची पहिल्यांदा शिजली तेव्हा लेक नातीला घेऊन आली होती. नात सगळ्यांच्या ताटात हात घालत होती, आणि त्या दिवशी कुणाच्याच ताटात काही उरलं नाही. अनोळखीला मात्र घड्याळजींनी मुद्दाम वेगळा दिवस दिला. लेक परत गेल्यावर, तिघांचाच बेत. रेडिओ ताटावर येऊन बसली होती, कारण बातमी पहिल्यांदा कुणी द्यायची हा प्रश्नच नव्हता.

बायकोनं झाकण उघडलं. वास म्हणावा तर नव्हताच. पळीला भात चिकटून आला, तो ताटात पडेना. घड्याळजींनी पहिला घास घेतला. चावला. आणखी चावला.

"कसा आहे?" रेडिओनं विचारलं.

घड्याळजींनी बायकोकडे बघितलं. तीही चावत होती. गिचका, बेचव, नुसता कागद खाल्ल्यासारखा. दोघांची नजरानजर झाली आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. घड्याळजींनी पाणी पुढे केलं आणि तेही हसायला लागले.

"अरे, मी गावात काय सांगू?" रेडिओ रडकुंडीला आली. "सगळे वाट बघतायत!"

"सांगा, अजून कळली नाही म्हणून," बायको डोळे पुसत म्हणाली. "पाणी ओढलं तर कशी राहते, पूर आला तर काय करते, कीड लागते की नाही. एका जेवणात कोण कळतं, वन्सं? तुमचा दादा मला आत्ता कुठे कळायला लागलाय."

"म्हणजे पुन्हा लावायची?" घड्याळजींनी विचारलं.

"जागा तुम्हीच दिलीय ना तिला?" ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली. चिकट भात पळी सोडेना, तेव्हा तिनं पळी ताटाच्या काठावर दोनदा आपटली. घड्याळजी सगळा भात जेवले.